बाराव्या क्रमाचं प्रतल

१५७ बिंदू घ्या आणि त्यांच्या १५७ रेषा करा. प्रत्येक रेषेवर १३ बिंदू हवेत. अट एकच: कुठलेही दोन बिंदू उचलले तर त्या दोघांना सामावणारी रेषा नेमकी एक असली पाहिजे. इथे रेषा म्हणजे पट्टीने ओढलेली रेघ नव्हे; १३ बिंदूंचा एक संच, एवढाच तिचा अर्थ. अशा मांडणीला प्रतल म्हणतात. ही मांडणी करता येते का?

याचं उत्तर आज कोणाकडेही नाही. ‘होय’ म्हणायला मांडणी दाखवावी लागेल, ती कोणाला सापडलेली नाही. ‘नाही’ म्हणायला सिद्धता लागेल, तीही नाही. अवघड प्रश्न गणितात ढिगाने आहेत, पण या प्रश्नावर माझा विशेष जीव आहे. इथे आपल्या हातातलं प्रत्येक हत्यार नेमकं कुठे आणि कशामुळे बोथट होतं ते बोट ठेवून सांगता येतं. बहुतेक ठिकाणी कारण एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतं: भागाकार.

आधी लहान आकडे बघू. ० ते ६ असे सात बिंदू घ्या. पहिली रेषा १, २, ४. मग प्रत्येक बिंदूत १ मिळवत जा आणि ७ झाले की ० लिहा. २३५, ३४६, ४५०, ५६१, ६०२, ०१३. सात बिंदू, सात रेषा, प्रत्येकीवर तीन बिंदू. कुठलेही दोन अंक घेऊन तपासा, ते एकाच रेषेवर एकत्र सापडतील. हे फानोचं प्रतल. यामागची गोम अशी की १, २, ४ यांच्यातले फरक काढले तर १, २, ३, ४, ५, ६ हे सगळे एकेकदाच येतात. ही मांडणी क्रम २ची. क्रम न असेल तर प्रत्येक रेषेवर न+१ बिंदू, प्रत्येक बिंदूतून न+१ रेषा, आणि एकूण बिंदू न²+न+१. मोजणी सोपी आहे: एका बिंदूवर उभे राहा, तिथून न+१ रेषा फुटतात, प्रत्येकीवर आणखी न बिंदू, आणि तुम्ही स्वतः एक. न=१२ घातलं की १५७ येतात.

डॉबल नावाचा पत्त्यांचा खेळ पुष्कळ घरांत असतो. कुठलेही दोन पत्ते उचला, त्यांच्यात एकच चित्र सारखं निघतं. तो खेळ म्हणजे सातव्या क्रमाचं प्रतल: प्रत्येक पत्त्यावर ८ चित्रं, एकूण ५७ चित्रं. पत्तेही ५७ करता आले असते, डब्यात ५५ असतात. ६ चित्रांचे किंवा ९ चित्रांचे पत्तेही असेच पूर्ण करता येतील. पण ७ चित्रांचे नाही आणि ११ चित्रांचेही नाही. १३ चित्रांच्या पत्त्यांबद्दल कोणी काहीच सांगू शकत नाही.

ज्या क्रमांची प्रतलं माहीत आहेत ते सुरुवातीचे क्रम असे: २, ३, ४, ५, ७, ८, ९, ११, १३, १६, १७. हे सगळे मूळ संख्या किंवा त्यांच्या घाती आहेत. ६ नाही, १० नाही, १२ अधांतरी. मूळ संख्येची घात नसलेल्या क्रमाचं एकही प्रतल आजवर सापडलेलं नाही, आणि अशी प्रतलं नसतातच असंही कोणी सिद्ध केलेलं नाही.

मूळ संख्यांच्या घातींचं काय कौतुक, तर तेवढ्याच आकारांची सांत, म्हणजे मोजक्या घटकांची, क्षेत्रं असतात. क्षेत्र म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्य सोडून कशानेही भागाकार करता येईल असा संच. गाल्वाने १८३० साली ही सांत क्षेत्रं मांडली. क्षेत्र हाताशी असलं की प्रतल घडवणं शाळेतल्या सरळ रेषेच्या समीकरणाइतकं सोपं होतं, आणि ते लॅटिन चौरसांतून सगळ्यात स्वच्छ दिसतं.

लॅटिन चौरस म्हणजे न×न घरांची चौकट, जिच्या प्रत्येक रांगेत आणि प्रत्येक स्तंभात न चिन्हं एकेकदा येतात. दोन चौरस एकमेकांवर ठेवले आणि चिन्हांची प्रत्येक जोडी नेमकी एकदा दिसली तर ते एकमेकांना ऑर्थोगोनल. आता क्रम ४ घ्या आणि ४च्या बाकीत, म्हणजे दर वेळी ४ने भागून उरलेली बाकीच धरून, हिशेब करून बघा. रांग र, स्तंभ स, घरातला आकडा म×र+स. म=२ घेतलं तर शून्यावी आणि दुसरी रांग सारखीच येते, कारण २×२ची बाकी ०; तो लॅटिन चौरसच राहत नाही. म=१ आणि म=३ हे दोन्ही लॅटिन चौरस आहेत, पण त्यांची जोडी जमत नाही. रांग ०, स्तंभ ० इथे दोघांतही ०. रांग २, स्तंभ २ इथे एकात ४ म्हणजे ०, दुसऱ्यात ८ म्हणजे पुन्हा ०. (०,०) ही जोडी दोनदा आली, म्हणजे दुसरी कुठली तरी जोडी आलीच नाही. बिघाडाचं कारण ३ आणि १ यांतला फरक, २. चारच्या बाकीत २ने भागता येत नाही.

म्हणून चारच्या बाकीचा नाद सोडून चार घटकांचं खरं क्षेत्र घ्यायचं: ०, १, त, त+१. बेरीज २च्या बाकीत, म्हणजे १+१=० आणि त+त=०, आणि गुणाकाराचा नियम त×त=त+१. इथे शून्येतर प्रत्येकाला व्यस्त आहे. त×(त+१) करून बघा, १ येतं. आता म=१, त, त+१ असे तीन चौरस बनवा. कुठल्याही दोघांत जोडी (प, फ) कुठे आहे हे शोधायचं म्हणजे (म−म′)×र = प−फ सोडवायचं. म−म′ शून्य नाही, भाग जातो, र एकच मिळतो, आणि त्यावरून स. तिन्ही चौरस परस्पर ऑर्थोगोनल.

कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये राजचंद्र बोस यांनी १९३८ साली दाखवलं की न−१ परस्पर ऑर्थोगोनल चौरस आणि क्रम नचं प्रतल ही एकाच वस्तूची दोन रूपं आहेत. रूपांतर असं: न² घरं हे बिंदू. प्रत्येक रांग एक रेषा, प्रत्येक स्तंभ एक रेषा, आणि प्रत्येक चौरसातली एकाच चिन्हाची न घरं मिळून एक रेषा. झाली न+१ कुटुंबं, प्रत्येकात न समांतर रेषा. प्रत्येक कुटुंबाला दूरवरचा एक जादा बिंदू द्या आणि या न+१ जादा बिंदूंची आणखी एक रेषा करा. बिंदू मोजा: न²+न+१. ऑर्थोगोनल असणं म्हणजे वेगवेगळ्या कुटुंबांतल्या दोन रेषा एकाच घरात छेदणं. बोस यांना हे शेतीतल्या प्रयोगांच्या आखणीसाठी लागत होतं. कुठल्या वाफ्यात कुठलं बियाणं, कुठलं खत, म्हणजे तुलना निकोप होईल, या विचारातून भूमितीचा इतका शुद्ध सिद्धांत निघाला हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हणजे बाराव्या क्रमाचा प्रश्न असाही विचारता येतो: १२×१२चे ११ परस्पर ऑर्थोगोनल चौरस आहेत का?

चौरसांची गोष्ट बोसांच्याही आधीची आहे. ऑयलरने १७८२ सालच्या लेखात ३६ अधिकाऱ्यांचा प्रश्न मांडला: सहा पलटणी, सहा हुद्दे, प्रत्येक पलटणीतून प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी, आणि ६×६च्या चौकटीत प्रत्येक रांगेत व स्तंभात सगळ्या पलटणी नि सगळे हुद्दे यायला हवेत. त्याला ते जमलं नाही. त्याने अंदाज बांधला की ६, १०, १४, १८ अशा, चारने भागून दोन उरणाऱ्या कुठल्याच क्रमाची ऑर्थोगोनल जोडी नसते. सहाच्या बाबतीत तो बरोबर होता. गास्तों तारीने १९००–०१मध्ये सगळे प्रकार हाताने तपासून ते दाखवलं.

ऑयलरचा अंदाज हवेतला नव्हता. बेरजेचा तक्ता हा सगळ्यात सहज सुचणारा लॅटिन चौरस. १०च्या बाकीतला बेरजेचा तक्ता घ्या. त्याला जोडीदार हवा असेल तर चौरसात अशी दहा घरं निवडता आली पाहिजेत की प्रत्येक रांगेतून एक, प्रत्येक स्तंभातून एक, आणि प्रत्येक आकडा एकदा. याला ट्रान्सव्हर्सल म्हणतात. समजा ती दहा घरं मिळाली. प्रत्येक घरात रांग+स्तंभ=आकडा. दहाही घरांची बेरीज करा: सगळ्या रांगांची बेरीज ४५, स्तंभांची ४५, आकड्यांची ४५. म्हणजे ४५+४५ आणि ४५ यांची १०च्या बाकीत बरोबरी हवी, म्हणजे ४५ची बाकी ० हवी. ती ५ आहे. संपलं, एकही ट्रान्सव्हर्सल नाही. कुठल्याही सम संख्येच्या बाकीत हेच घडतं.

बेरजेसारखी, उलटवता येणारी एक क्रिया असलेल्या संचाला गट म्हणतात; १०च्या बाकीतली बेरीज हा त्यांतलाच एक. मग इतर गट? हॉल आणि पेज यांनी १९५५ साली अंदाज केला की गटाच्या तक्त्याला ट्रान्सव्हर्सल असतं की नाही हे फक्त त्याच्या २-सायलो उपगटावर (गटाच्या आकाराला भागणाऱ्या २च्या सगळ्यात मोठ्या घातीइतके घटक असलेल्या उपगटावर) ठरतं: तो चक्रीय, म्हणजे एकाच घटकापासून तयार होणारा, असून एकाहून जास्त घटकांचा असेल तर नसतं, एरवी असतं. एक बाजू त्यांनीच सिद्ध केली. दुसरी पुरी व्हायला २००९ साल उजाडलं; विल्कॉक्स आणि इव्हान्स यांनी प्रश्न सांत सरल गटांच्या (ज्यांचे आणखी लहान तुकडे पडत नाहीत अशा गटांच्या) यादीवर आणून जवळजवळ संपवला आणि यांकोचा चौथा गट हा शेवटचा उरलेला राक्षस जॉन ब्रे यांनी हाताळला. दहा घटकांचे गट दोनच आहेत, आणि दोघांचाही २-सायलो उपगट दोन घटकांचा, म्हणजे चक्रीय. दहाव्या क्रमासाठी गट कुचकामी ठरतात ते इथे. बारा घटकांचे गट पाच. त्यांतल्या तिघांचा २-सायलो उपगट चक्रीय नाही. बारा दहापेक्षा मवाळ आहे, आणि म्हणूनच जास्त छळते.

दहाची कोंडी फुटली १९५९ साली. बोस तेव्हा अमेरिकेत चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात होते. त्यांच्यासोबत होते शरदचंद्र शंकर श्रीखंडे: जन्म १९१७ साली सागरला, शिक्षण नागपूरच्या सायन्स कॉलेजात, १९५०ची पीएच.डी. चॅपल हिललाच बोसांकडे, आणि पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख. दोघांनी मिळून २२व्या क्रमाची ऑर्थोगोनल जोडी उभी केली. युनिव्हॅक या संगणक विभागात काम करणाऱ्या अर्नेस्ट पार्कर यांनी पाठोपाठ १०ची केली. तिघांनी मिळून मग ६च्या पुढचे ऑयलरचे सगळेच क्रम निकालात काढले. तो लेख १९६०चा. २६ एप्रिल १९५९ला ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर होती. श्रीखंडे १०२ वर्षं जगले, एप्रिल २०२०पर्यंत. मराठी वाचकाला हे नाव जितकं ठाऊक असायला हवं तितकं ते नाही, याची मला खंत वाटते.

२२ची एक रचना थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात लहान तुकड्यांतून मोठं बांधायची युक्ती आहे. १५ मुलींना तिघीतिघींच्या गटांत सात दिवस असं फिरवायचं की कुठल्याही दोघी एकदाच एकत्र येतील, हा कर्कमनचा १८५०चा प्रश्न, आणि तो सुटतो. आता सात दिवसांचे सात नवे बिंदू घ्या आणि प्रत्येक तिघींच्या गटात त्या दिवसाचा बिंदू घाला. ३५ चौकड्या झाल्या, आणि सात नव्या बिंदूंचा एक गट. २२ बिंदूंच्या २३१ जोड्या. ३५ चौकड्यांत २१०, सातांत २१, बरोबर पुऱ्या. ४चे तीन ऑर्थोगोनल चौरस आहेत, ७चे सहा. प्रत्येक गटावर आपापला लहान चौरस बसवायचा. पण तुकडे कर्णावर जुळण्यासाठी कर्ण क्रमवार करून घ्यावा लागतो, त्यात एक चौरस खर्ची पडतो, आणि तिनांतले दोन उरतात. आपल्याला दोनच हवे होते.

१०ला ही युक्ती चालत नाही, कारण दहा बिंदूंचे असे सोयीचे तुकडे पडत नाहीत. तिथे कामी येतं ७ अधिक ३. सातच्या बाकीतले ०–६ हे आकडे आणि अ, ब, क ही तीन वरची चिन्हं. रांगा आणि स्तंभांची नावंही हीच दहा. ज=१, २, ३ यांना अनुक्रमे अ, ब, क जोडा; त्या चिन्हाला च म्हणू. मग ० ते ६ मधल्या प्रत्येक ईसाठी चार नोंदी करायच्या, क्रम असा: रांग, स्तंभ, पहिलं चिन्ह, दुसरं चिन्ह.

(ई, ई+ज, ई−ज, च)
(ई+ज, ई, च, ई−ज)
(ई−ज, च, ई, ई+ज)
(च, ई−ज, ई+ज, ई)

४×३×७ म्हणजे ८४ घरं भरली. कर्णावरची सात घरं (ई, ई, ई, ई) अशी भरा. उरलेली नऊ घरं अ, ब, क यांच्या रांगास्तंभांच्या कोपऱ्यात आहेत. तिथे ३×३ची साधी जोडी बसते: अअ बब कक, खाली बक कअ अब, खाली कब अक बअ. ८४+७+९=१००. शून्याची आणि एकची रांग अशा येतात:

०० ६अ ५ब ४क क१ ब३ अ५ १२ २४ ३६
अ६ ११ ०अ ६ब ५क क२ ब४ २३ ३५ ४०

एकची रांग म्हणजे शून्याच्याच रांगेतल्या प्रत्येक अंकात १ मिळवून पहिली सात घरं एक घर उजवीकडे सरकवलेली. असंच सहापर्यंत जा. अच्या रांगेत पहिली सात घरं २१ ३२ ४३ ५४ ६५ ०६ १०. बच्या आणि कच्या रांगा चौथ्या नोंदीवरून याच तऱ्हेने निघतात. कागदावर अर्ध्या तासात चौरस पुरा होतो, आणि तो जरूर करून पाहावा. करताना बहुधा एकाच ठिकाणी चूक होते: ई−ज ऋण आला की ७ मिळवायचं राहतं.

हे का जमतं? कुठल्याही दोन जागा घ्या, समजा पहिली आणि दुसरी. तिथले फरक +१, +२, +३ आणि −१, −२, −३ येतात, म्हणजे सातच्या बाकीतले शून्य सोडून सगळे, एकेकदा. पहिली आणि चौथी घेतली तर फरक ±२, ±४, ±६ येतात. तेही सगळे वेगळे, कारण ७च्या बाकीत २ने भागता येतं. भागाकार इथे मागच्या दाराने आत आला. मुख्य दहा आकड्यांवर क्षेत्र नाही, तर सातांचं क्षेत्र आत ठेवून तिघांना बाहेर बसवलं.

मके, मायनर्ट आणि मिरव्होल्ड यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या कामातून असं दिसतं की दहाव्या क्रमाचे लॅटिन चौरस सरसकट उचलले तर सुमारे ६० टक्क्यांना जोडीदार असतो. ऑयलर ज्यांना अशक्य म्हणाला ते निम्म्याहून जास्त आहेत. हाताने शोधताना मात्र माणूस नेमका नीटनेटक्या, बेरजेच्या तक्त्यांसारख्या चौरसांकडे जातो आणि ते वांझ निघतात. पण जोडी मिळाली म्हणून तिसरा मिळत नाही. दहाव्या क्रमाचे तीन परस्पर ऑर्थोगोनल चौरस आजही कोणाकडे नाहीत.

प्रतलासाठी तर नऊ हवेत. ते नाहीत हे ठरलं १९८९ साली, आणि त्या निकालाचा मार्ग नीट समजून घेतल्याशिवाय बाराचं दुखणं कळत नाही.

१९४९ साली ब्रुक आणि रायसर यांनी सिद्ध केलं: न ला ४ने भागून १ किंवा २ उरत असेल आणि क्रम नचं प्रतल असेल, तर न ही दोन वर्गांची बेरीज असली पाहिजे. ६ नाही, १४ नाही, २१ आणि २२ नाहीत. हे सगळे एका फटक्यात बाद. १० मात्र ९+१ आहे, सुटली. १२ला ४ने भाग जातो, तिच्याबद्दल प्रमेय तोंडच उघडत नाही.

दहासाठी पुढचं हत्यार कोडिंग सिद्धांतातलं. १११×१११ची सारणी करा. रांगा म्हणजे रेषा, स्तंभ म्हणजे बिंदू, बिंदू रेषेवर असेल तिथे १, नाही तिथे ०. प्रत्येक रांगेच्या शेवटी एक जादा १ जोडा. आता कुठल्याही दोन रांगांचे १ दोन ठिकाणी जुळतात, आणि रांग स्वतःशी १२ ठिकाणी. दोन्ही सम. म्हणून २च्या बाकीत या रांगांच्या बेरजांनी तयार होणारा संच, म्हणजे कोड, स्वतःलाच लंब असतो आणि त्याची मिती (त्यातल्या एकमेकींपासून स्वतंत्र रांगांची संख्या) ११२च्या निम्म्याहून, म्हणजे ५६हून जास्त असू शकत नाही. दुसऱ्या बाजूने, सारणीचा निश्चयक ११×१०⁵⁵ येतो (चिन्ह सोडून). त्यात २ हा अवयव ५५ वेळा आहे, म्हणून २च्या बाकीत रँक, म्हणजे स्वतंत्र रांगांची संख्या, १११−५५=५६हून कमी होऊ शकत नाही. वरून ५६, खालून ५६. प्रतल कधी कोणी पाहिलेलं नाही, तरी त्याच्या कोडची मिती पक्की झाली. मला हे गणितातल्या सगळ्यात देखण्या चिमट्यांपैकी एक वाटतं.

कोडमधली प्रत्येक रांग म्हणजे एक शब्द, आणि त्यात किती १ आहेत ते त्याचं वजन. मग मॅकविल्यम्सच्या समीकरणांनी कोडमधल्या सगळ्या वजनांच्या शब्दांची संख्या फक्त तीन आकड्यांवर येऊन ठेपते: १२, १५ आणि १६ वजनाचे शब्द किती. १५ वजनाचे नाहीत हे १९७३ साली कळलं, १२ वजनाचे १९८३ साली गेले, १६ वजनाचे १९८६ साली. तिन्ही शून्य झाले की १९ वजनाचे शब्द नेमके २४,६७५ असलेच पाहिजेत. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या क्लेमेंट लॅम, थील आणि स्विर्च यांनी अशा शब्दापासून सुरुवात करून प्रतल पुरं करायचे सगळे रस्ते तपासले. प्रिन्स्टनच्या एका संस्थेतल्या क्रे संगणकावर, तो मोकळा असेल तेव्हा, सुमारे २,००० तास गणित चाललं. एकही रस्ता शेवटाला पोचला नाही. दहावं प्रतल नाही.

लॅम यांनी स्वतःच मोकळेपणाने नोंदवलं की त्या यंत्रात दर हजारेक तासांमागे एखादी न कळणारी चूक होत असे. म्हणजे हा निकाल कोणी ओळीओळीने वाचून पडताळू शकेल अशी सिद्धता नव्हता. २०२१मध्ये ब्राइट आणि सहकाऱ्यांनी सॅट सॉल्व्हर (होय-नाहीच्या अटींची कोडी सोडवणारा प्रोग्रॅम) वापरून सगळं पुन्हा केलं, आणि या वेळी प्रत्येक पायरीचं तपासता येईल असं प्रमाणपत्र तयार झालं, एकूण शंभर टेराबाइटच्या वर. निकाल तोच आला. आधीच्या शोधांत मात्र काही तफावती निघाल्या. न सापडण्याचा दावा करणाऱ्या प्रोग्रॅमवर किती विसंबायचं, हा प्रश्न या विषयात कायम जागा ठेवला पाहिजे.

आता हीच वाट बाराला लावा. निश्चयक १३×१२⁷⁸. १२ म्हणजे ४×३, त्यामुळे २ हा अवयव १५६ वेळा येतो. २च्या बाकीत रँक किमान १५७−१५६=१. चिमट्याचा खालचा दात गळून पडला. एवढ्याने काहीच कळत नाही. ३ मात्र ७८ वेळाच येतो, म्हणून ३च्या बाकीत मिती ७९ ठरते. पण तिथे शब्दांत १च्या जोडीला २ही येतात, लांबी १५७, आणि ‘या वजनाचा शब्द असलाच पाहिजे’ इथपासून सुरू होणारा शोध दहाच्या तुलनेत इतका फुगतो की तो कोणी पार पाडलेला नाही. चिमटा दहाला बसला याचं कारण दहामध्ये २ एकदाच आहे, एवढंच.

बाराबद्दल काहीच माहीत नाही असं मात्र नाही. फानोसारखं, एक रेषा घेऊन सरकवत जायचं प्रतल बाराला नाही, आणि त्याची सिद्धता इथेच पुरी करता येते. १५७च्या बाकीत १३ आकड्यांचा असा संच हवा की त्यांचे फरक १ ते १५६ एकेकदा येतील. मार्शल हॉल यांचं १९४७चं प्रमेय सांगतं की क्रमाला भागणाऱ्या मूळ संख्येने अशा संचाला गुणलं तर तोच संच सरकलेला मिळतो. आणि योग्य जागी सरकवून घेतला तर हुबेहूब तोच. फानोत बघा: १, २, ४ला २ने गुणलं की २, ४, ८, आणि ८ म्हणजे १. बारासाठीही २ चालते. म्हणजे संचात शून्याखेरीज कुठलाही आकडा असेल तर त्याची दुप्पट, चौपट, आठपट, सगळे त्यात असले पाहिजेत. १५७ मूळ आहे आणि २ची घात १च्या बाकीवर पहिल्यांदा परतते ती ५२व्या पायरीला. २¹²ची बाकी १४ येते, २⁵²ची १. एक आकडा घेतला की ५२ आत येतात. संचात जागा १३ची. जमत नाही.

सममिती याहून बरीच कमी असली तरी तीच गत. झ्वोनिमिर यांको आणि व्हॅन ट्रुंग यांनी १९८०च्या सुमारास दाखवलं की बाराव्या प्रतलाच्या सममितीगटातल्या (रेषांच्या रेषाच राहतील अशा बिंदूंच्या अदलाबदलींच्या गटातल्या) घटकांची संख्या फक्त २ आणि ३ याच मूळ संख्यांनी भागली जाऊ शकते. हे यांको म्हणजे वर आलेल्या राक्षसी गटाचेच यांको. ज्या प्रतलाला फारशी सममिती नाही ते हुशारीने बांधता येत नाही, चाचपडून शोधावं लागतं. आणि १५७ बिंदूंमध्ये चाचपडणं आजच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेर आहे.

बीजगणिताकडून आणखी एक इशारा आहे. प्रतलात देझार्गचं प्रमेय (दोन त्रिकोणांचे जोडीचे कोपरे जोडणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळत असतील तर जोडीच्या बाजूंचे छेदबिंदू एका रेषेवर येतात) खरं असेल तर त्याच्या निर्देशकांना गुणाकार-भागाकार नीट करता येतात, आणि वेडरबर्नच्या १९०५च्या प्रमेयाने सांत बाबतीत ते क्षेत्रच निघतं, म्हणजे क्रम मूळ संख्येची घात. बारावं प्रतल असलंच तर त्यात देझार्ग मोडलेला असणार. त्यात काही विचित्र नाही: नवव्या क्रमाची प्रतलं नेमकी चार आहेत आणि त्यांतल्या एकातच देझार्ग चालतो. पण ती बाकीची तीनही ३च्या क्षेत्राच्या सांगाड्यावरच उभी आहेत. बाराला उभं राहायला सांगाडा कुठला द्यायचा, हे कोणाला सुचलेलं नाही.

चौरसांच्या भाषेत हिशेब असा आहे. बारा घटकांच्या एका गटावर, २ आणि ६च्या बाकींच्या जोडीवर, पाच परस्पर ऑर्थोगोनल चौरस १९६०–६१मध्ये मिळाले. प्रतलाला अकरा लागतात, पण अकरा शोधायची गरज नाही: श्रीखंडे यांनी १९६१ साली ‘सांख्य’ या कोलकात्याच्या नियतकालिकात सिद्ध केलं की ४हून मोठ्या क्रमाला न−३ चौरस मिळाले तर उरलेले दोन आपोआप पुरे करता येतात. याच प्रमेयामुळे दहाव्या क्रमाला सातही चौरस असू शकत नाहीत हे कळतं. सात असते तर नऊ झाले असते आणि प्रतल आलं असतं. बारासाठी नऊ पुरेत. पाचाच्या पुढचा सहावा चौरस कोणालाही मिळालेला नाही, आणि तो नाही असंही कोणी दाखवलेलं नाही. ज्याला या प्रश्नाला हात घालायचा असेल त्याने बाराच्या त्या तीन सोयीच्या गटांपासून नव्हे, तर कुठल्याच गटावर न बेतलेल्या चौरसांपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. ६० टक्क्यांचा दहाचा आकडा तिकडेच बोट दाखवतो.